एक संसद, सत्तावीस निवडणुका : युरोपीय संसदेच्या प्रातिनिधिकतेचा विचार

१

जॉन स्टुअर्ट मिल याने प्रातिनिधिक शासनावरील आपल्या १८६१ सालच्या ग्रंथात एक कठोर सिद्धान्त मांडला आहे. ज्या देशात अनेक राष्ट्रीयत्वांचे लोक एकत्र नांदतात, आणि विशेषतः ज्यांची लिहिण्यावाचण्याची भाषा एक नाही, तेथे प्रातिनिधिक संस्था चालण्यास अवश्य असे एकसंध लोकमत निर्माण होणे जवळजवळ अशक्य होय, असा त्याचा आशय आहे. या सिद्धान्ताची आजवर ज्या संस्थांनी कसोटी पाहिली त्यांत युरोपीय संसदेचे स्थान अगदी वेगळे आहे. सत्तावीस सार्वभौम राष्ट्रांतील नागरिकांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडलेली आणि त्या सर्वांवर बंधनकारक होणारे कायदे करण्यात वाटेकरी असलेली दुसरी संसद जगात नाही. मध्य अमेरिकेतील राष्ट्रांची संसद प्रत्यक्ष निवडणुकीने बनते खरी, परंतु तिला कायदे करण्याचा अधिकार नाही.

या संसदेवर आजपर्यंत झालेल्या टीकेचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाच्या मते ही संसद दुबळी आहे. तिच्या अंगी खऱ्या संसदेचे अधिकार नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या मते तिच्या पाठीशी लोकच नाहीत; युरोपीय जनता अशी वस्तू अस्तित्वात नसल्याने तिचे प्रतिनिधित्व करणारी सभा ही केवळ कल्पना होय. या दोन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे. परंतु संस्थेच्या मर्मस्थानी दोहोंपैकी एकही पोहोचत नाही. पहिला आक्षेप एके काळी यथार्थ होता, तो आज बहुतांशी गतार्थ झाला आहे. दुसरा आक्षेप ज्या उणिवेला कारण म्हणून पुढे करतो, ती पुष्कळ अंशी परिणाम आहे. संसदेचे खरे वैगुण्य तिच्या निवडणुकीत आहे. ही संसद एक असली तरी तिची निवडणूक एक नाही. सत्तावीस राष्ट्रांत, सत्तावीस कायद्यांनुसार, राष्ट्रीय पक्षांकडून आणि बव्हंशी राष्ट्रीय प्रश्नांवर लढविल्या जाणाऱ्या निवडणुकांची ती बेरीज आहे. मतदाराने दिलेले मत आणि संसदेने वापरलेली सत्ता यांना जोडणारा दुवा त्यामुळे क्षीण राहिला आहे.

२

अधिकारांच्या वाढीचा इतिहास प्रथम पाहणे इष्ट ठरेल. कोळसा व पोलाद समूहाची सामान्य सभा सप्टेंबर १९५२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे प्रथम भरली, तेव्हा तिचे सभासद ७८ होते. सहा राष्ट्रांच्या संसदांनी आपापल्या सभासदांतून त्यांना पाठविले होते, आणि पॉल-हेन्री स्पाक हे सभेचे पहिले अध्यक्ष होते. १९५८ मध्ये तिन्ही समूहांसाठी मिळून १४२ सभासदांची एकच सभा स्थापन झाली व रोबेर शुमान तिचे अध्यक्ष झाले. या सभेने मार्च १९६२ मध्ये स्वतःस ‘युरोपीय संसद’ हे नाव घेतले. करारात हे नाव १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने आले. म्हणजे नाव आधी आणि अधिकार मागाहून, असा या संस्थेचा क्रम आहे, आणि तो तिच्या स्वभावाचा द्योतक आहे.

प्रारंभी या सभेचे काम केवळ मत देण्याचे होते. १९७० व १९७५ च्या करारांनी तिला अंदाजपत्रकाबाबत अधिकार मिळाले. जून १९७९ मध्ये नऊ राष्ट्रांत मिळून ४१० सभासदांची पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली, आणि सिमोन व्हेय यांच्या अध्यक्षतेखालील या नव्या संसदेने त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुढील सालचे अंदाजपत्रक फेटाळून लावले. ऑक्टोबर १९८० मध्ये युरोपीय न्यायालयाने संसदेचे मत न घेता मंत्रिपरिषदेने केलेला एक विनियम रद्द ठरविला. लोकांचा विचार घेणे हा केवळ उपचार नसून लोकशाहीच्या मूलतत्त्वाचा भाग आहे, हे त्या निर्णयाचे सार होते. त्यानंतर १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने काही विषयांत संसद मंत्रिपरिषदेची सहविधायक झाली, आणि १ डिसेंबर २००९ रोजी अंमलात आलेल्या लिस्बन कराराने हीच पद्धती कायदे करण्याची साधारण रीत म्हणून ठरविली. शेतीच्या धोरणासारखा प्रचंड खर्चाचा विषयही त्यायोगे तिच्या कक्षेत आला.

हा अधिकार कागदावरचा नाही. संगणकीय आज्ञावलींच्या एकस्वांविषयीचा मसुदा जुलै २००५ मध्ये संसदेने १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला आणि तो तेथेच संपला. मार्च १९९९ मध्ये जॅक सांतेर यांच्या नेतृत्वाखालील संपूर्ण आयोगाने राजीनामा दिला, त्यामागे संसदेतील वाढत्या अविश्वासाचे दडपण होते. अर्थात मर्यादाही आहेत. विधेयक मांडण्याचा हक्क सर्वसाधारणपणे आयोगाकडेच आहे. संसद त्यास केवळ विनंती करू शकते. कर आणि परराष्ट्रधोरण या विषयांत राष्ट्रांच्या सरकारांचे एकमत हाच निर्णायक घटक राहिला आहे. तथापि अनेक राष्ट्रीय संसदांतही सरकारने आणलेलीच विधेयके संमत होतात, हे ध्यानी घेतल्यास ‘दुबळी संसद’ हे वर्णन आता टिकत नाही. किंबहुना बहुमताच्या शिस्तीने सरकारला बांधल्या गेलेल्या कित्येक संसदांपेक्षा मसुद्यात फेरफार करण्याची या संसदेची शक्ती अधिक आहे.

३

आता कामकाजाकडे वळता येईल. या संसदेत सभासद राष्ट्रवार बसत नाहीत, पक्षमतानुसार बसतात. राजकीय गटांस १९५३ सालीच सभेच्या नियमांत मान्यता मिळाली होती. गट स्थापण्यास किमान २३ सभासद लागतात आणि ते एकूण राष्ट्रांपैकी निदान एकचतुर्थांश राष्ट्रांतून, म्हणजे सात राष्ट्रांतून, आलेले असावे लागतात. सभागृहातील भाषणाचा वेळ, समित्यांची अध्यक्षपदे आणि विधेयकांचे प्रतिवेदन यांची वाटणी गटांच्या बळानुसार होते. राष्ट्रीयतेवर आधारलेला गट त्यामुळे नियमानेच असंभव होतो.

प्रत्येक मसुदा प्रथम समितीकडे जातो. समिती एका सभासदास प्रतिवेदक नेमते. इतर गट आपापले सहप्रतिवेदक त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी देतात. मसुद्याचे खरे रूप या मंडळीच्या हातून घडते. मतदानाच्या नोंदींचा अभ्यास करून सायमन हिक्स, अब्दुल नूरी व जेरार रोलाँ यांनी २००७ साली असा निष्कर्ष मांडला की, सभासद मत देतात ते मुख्यतः गटाच्या भूमिकेस धरून, राष्ट्राच्या भूमिकेस धरून नव्हे; आणि गटांची ही एकजूट काळानुसार वाढत गेली आहे. मिलच्या सिद्धान्ताला हा निष्कर्ष उघडउघड छेद देणारा आहे. चोवीस अधिकृत भाषांतून, म्हणजे ५५२ भाषाजोड्यांतून, दुभाष्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या सभेत डावे आणि उजवे, उदारमतवादी आणि पुराणमतवादी असे भेद राष्ट्रभेदाहून बलवत्तर ठरतात. भाषाभेद सभेला वादविवादापासून रोखीत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

मात्र या कार्यपद्धतीचा एक भाग टीकेस पात्र आहे. संसद, मंत्रिपरिषद व आयोग यांच्या प्रतिनिधींच्या त्रिपक्षी बैठका हा आज कायदेनिर्मितीचा मुख्य मार्ग झाला आहे. या बैठकांत तडजोड ठरते, आणि पुष्कळ कायदे पहिल्याच वाचनात संमत होतात. बैठका बंद दाराआड होतात. त्यांतील मसुद्यांचे चार स्तंभांचे तक्ते नागरिकांस पाहू द्यावयाचे की नाही, हा वाद संघाच्या सामान्य न्यायालयापर्यंत गेला, आणि ते सरसकट नाकारता येणार नाहीत असा निर्णय मार्च २०१८ मध्ये झाला. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ही पद्धती उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संसदेतील वाद हा मतदारांस शिक्षण देण्याचे साधन असतो. तो वाद तडजोडीच्या खोलीत विरघळला की कोणत्या गटाने कशासाठी आग्रह धरला आणि काय सोडून दिले, हे मतदारास कळत नाही. वर्षातून बारा वेळा स्ट्रासबुर्ग येथे आणि एरवी ब्रुसेल्स येथे भरणाऱ्या या संसदेच्या प्रवासखर्चावर जितकी टीका होते, तितकी या अदृश्यतेवर होत नाही. वस्तुतः दुसरा दोष अधिक गंभीर आहे.

४

सभागृहात सभासद युरोपीय गटाचा असतो. मतपत्रिकेवर तो तसा नसतो. या विसंगतीचे मूळ निवडणुकीच्या व्यवस्थेत आहे. सभासदांची निवड एकसारख्या पद्धतीने व्हावी, ही आकांक्षा १९५० च्या दशकातील करारांतच व्यक्त झाली होती. परंतु २० सप्टेंबर १९७६ च्या ज्या कायद्यान्वये प्रत्यक्ष निवडणुका सुरू झाल्या, त्याने पद्धती ठरविण्याचे काम राष्ट्रांवरच सोपविले. परिणामी १९७९ पासून १९९४ पर्यंत ग्रेट ब्रिटनमधील सभासद एकसदस्य मतदारसंघांतून साध्या मताधिक्याने निवडले जात, तर इतर राष्ट्रांत प्रमाणशीर प्रतिनिधित्व होते. १९८९ मध्ये ब्रिटनमधील हरित पक्षास सुमारे १५ टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. एकाच संसदेच्या एकाच निवडणुकीत इतर देशांतील हरित पक्ष याहून कमी मतांवर सभागृहात पोचले. २००२ च्या निर्णयाने प्रमाणशीर प्रतिनिधित्व सर्वांस बंधनकारक झाले आणि किमान मतांची अट ५ टक्क्यांहून अधिक नसावी असे ठरले.

या किमान समानतेपलीकडे जून २०२४ च्या निवडणुकीतही विविधताच दिसून आली. जर्मनी, फ्रान्स व स्पेन येथे पक्षाने ठरविलेल्या बंद यादीस मत द्यावे लागते. अन्य अनेक राष्ट्रांत यादीतील उमेदवारांचा पसंतीक्रम मतदार बदलू शकतो. आयर्लंड आणि माल्टा येथे एकल संक्रमणीय मताची पद्धती आहे. कोठे संपूर्ण राष्ट्र हाच एक मतदारसंघ, तर इटलीत पाच व आयर्लंडमध्ये तीन मतदारसंघ. बेल्जियममध्ये भाषेनुसार तीन निर्वाचक गट आहेत, आणि जर्मन भाषिकांच्या गटास एक जागा आहे. ऑस्ट्रिया, माल्टा, जर्मनी व बेल्जियम येथे सोळाव्या वर्षी मताधिकार मिळाला, ग्रीसमध्ये सतराव्या, अन्यत्र अठराव्या वर्षी. उमेदवाराचे किमान वय बहुतेक ठिकाणी अठरा किंवा एकवीस असता इटली व ग्रीस येथे ते पंचवीस होते. नेदरलँड्समध्ये मतदान गुरुवारी झाले, आयर्लंडमध्ये शुक्रवारी, बहुसंख्य राष्ट्रांत रविवारी.

या भेदांतील काही निरुपद्रवी आहेत. मतदानाचा वार हा लोकांच्या रूढीचा भाग आहे, आणि सर्व राष्ट्रांतील मतदान संपेपर्यंत अधिकृत निकाल प्रसिद्ध करावयाचा नाही, एवढ्या नियमाने त्यातील अडचण निवारता येते. परंतु मताधिकाराचे वय आणि उमेदवारीची अट यांतील भेद तत्त्वाशी निगडित आहेत. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने संघाचे नागरिकत्व निर्माण केले, आणि संघातील कोणत्याही राष्ट्रात राहणाऱ्या नागरिकास तेथूनच संसदेसाठी मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क दिला. नागरिकत्व एक आणि त्या नागरिकत्वाचा पहिला हक्क मात्र राहत्या देशाच्या सीमेनुसार बदलणारा, अशी ही स्थिती आहे.

जर्मनीतील घटनात्मक न्यायालयाने या संबंधात दिलेले दोन निर्णय बोधप्रद आहेत. २०११ मध्ये त्याने युरोपीय निवडणुकीतील ५ टक्क्यांची अट रद्द केली, आणि २०१४ मध्ये तिच्या जागी आणलेली ३ टक्क्यांची अटही रद्द केली. या संसदेतून जर्मन संसदेप्रमाणे सरकार घडत नाही. यास्तव मतांची समानता मोडून स्थिर बहुमत साधण्याची निकड येथे नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. त्याची तर्कशुद्धता मान्य केली तरी त्यातून एक विचित्र वर्तुळ तयार होते. संसद गौण म्हणून तिची निवडणूक गौण मानावयाची, आणि निवडणूक गौण म्हणून संसद गौण राहते असे दाखवावयाचे.

५

याच न्यायालयाच्या ३० जून २००९ च्या लिस्बन कराराविषयीच्या निर्णयाचा विचार येथे अपरिहार्य होतो, कारण दुसऱ्या वर्गाच्या टीकेचे ते सर्वांत समर्थ प्रतिपादन आहे. करारानुसार संसदेचे सभासद अध्यक्ष धरून ७५१ हून अधिक असू शकत नाहीत. कोणत्याही राष्ट्रास सहाहून कमी किंवा शहाण्णवांहून अधिक जागा नाहीत, आणि जागांची वाटणी उतरत्या प्रमाणाने व्हावयाची आहे. म्हणजे राष्ट्र जितके मोठे तितके त्याच्या एका सभासदामागील नागरिक अधिक. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडल्यावर सभासदसंख्या ७०५ झाली. २०२४ च्या निवडणुकीसाठी ती ७२० करण्यात आली. तीत जर्मनीस ९६, फ्रान्सला ८१, इटलीस ७६, तर सायप्रस, लक्झेंबर्ग व माल्टा यांस प्रत्येकी सहा जागा आहेत. जर्मनीचा एक सभासद साडेआठ लाखांहून अधिक लोकांमागे येतो, माल्टाचा एक लाखाहून कमी लोकांमागे. तफावत नऊ ते दहा पटींची आहे. न्यायालयापुढे असलेल्या आकड्यांनुसार ती सुमारे बारा पट होती. जेथे मते समान मोलाची नाहीत ती सभा एका सार्वभौम युरोपीय लोकांची प्रतिनिधी नव्हे, तर राष्ट्रांच्या जनतांची प्रतिनिधी होय, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

या निष्कर्षाची एक बाजू बळकट आहे. लिस्बन करारापूर्वीच्या शब्दयोजनेनुसार संसद ही ‘राष्ट्रांच्या जनतांच्या’ प्रतिनिधींची होती. लिस्बन कराराने ती ‘संघाच्या नागरिकांच्या’ प्रतिनिधींची झाली. शब्द बदलले, परंतु जागा पूर्वीप्रमाणेच राष्ट्रांस वाटल्या जातात. ही वाटणीही एखाद्या स्थिर सूत्राने न होता प्रत्येक वेळी शासनप्रमुखांच्या वाटाघाटींतून ठरत आली आहे. प्रत्येक राष्ट्रास पाच जागा पायाभूत आणि उरलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, असे सुटसुटीत सूत्र काही गणितज्ञांनी २०११ मध्ये केंब्रिज येथून सुचविले होते. ते स्वीकारले गेले नाही.

तथापि मतांच्या विषमतेवरून प्रातिनिधिकताच नाकारणे हा अतिव्याप्त निष्कर्ष आहे. भारताच्या लोकसभेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. संविधानाच्या ८१ व्या अनुच्छेदात राज्यांच्या जागा व लोकसंख्या यांचे प्रमाण शक्य तो समान असावे असे सांगितले आहे. साठ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांस मात्र त्यातून वगळले आहे. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर स्थिर केल्या, आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ही स्थिरता २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी प्रत्येकीमागे सुमारे २३ लाख लोक येतात, गोव्याच्या दोन जागांपैकी प्रत्येकीमागे सात लाखांच्या आसपास, आणि लक्षद्वीपच्या एका जागेमागे केवळ ६४ हजार. या विषमतेवर टीका अवश्य होते. परंतु तेवढ्यावरून लोकसभा ही भारतीय जनतेची प्रतिनिधी नव्हे, असे कोणी म्हणत नाही. याचे कारण काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

याचे कारण असे की, लोकसभेची निवडणूक एका कायद्याखाली आणि एका निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होते, मताधिकाराचे वय सर्वत्र तेच असते, आणि विशेष म्हणजे शासन कोणी करावे हा एकच प्रश्न देशभर मतदारांपुढे असतो. पणजीचा मतदार आणि पाटण्याचा मतदार यांची भाषा एक नसेल, त्यांच्यासमोरील पक्षही पुष्कळदा निराळे असतात. परंतु आपले मत कोणत्या निर्णयात मोजले जाणार आहे हे दोघांसही ठाऊक असते. भारत हे एक राष्ट्र आहे आणि युरोपीय संघ हा राष्ट्रांचा समूह आहे, हा भेद दृष्टिआड करून चालणार नाही. परंतु भाषांची अनेकता हीच प्रातिनिधिक शासनाची खरी अडचण असती, तर ती भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच प्रत्ययास आली असती.

६

युरोपीय निवडणुकीत मतदाराचे मत कोणत्या निर्णयात मोजले जाते? पहिल्या प्रत्यक्ष निवडणुकीचे परीक्षण करताना कार्लहाइन्झ राइफ व हेरमान श्मिट यांनी १९८० साली तिला ‘दुय्यम दर्जाच्या राष्ट्रीय निवडणुकी’ असे म्हटले. मतदान कमी होते, सत्तारूढ पक्षांस फटका बसतो, लहान पक्षांस अनपेक्षित यश लाभते. कारण मतदार युरोपविषयी नव्हे तर आपल्या देशातील सरकारविषयी मत देत असतो. पुढील निवडणुकांनी हे निदान मोठ्या प्रमाणात खरे ठरविले. संसदेचे अधिकार वाढत असतानाच मतदान मात्र १९७९ मधील सुमारे ६२ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ४३ टक्क्यांच्याही खाली उतरले. स्लोव्हाकियात त्या वर्षी ते अवघे १३ टक्के होते. २०१९ व २०२४ मध्ये ते ५० टक्क्यांच्या किंचित वर आले, ही गोष्ट आशादायक आहे. परंतु १९७९ ची पातळी अद्याप दूरच आहे.

हा दुवा बळकट करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २०१४ मध्ये झाला. मुख्य युरोपीय पक्षांनी आयोगाच्या अध्यक्षपदासाठी आपापले उमेदवार निवडणुकीपूर्वीच जाहीर केले, आणि सर्वांत मोठ्या ठरलेल्या जनपक्षाचे उमेदवार झाँ-क्लोद युंकर अध्यक्ष झाले. ब्रिटन व हंगेरी यांच्या सरकारांचा विरोध असतानाही हे घडले. परंतु त्याच निवडणुकीत ब्रिटनमधील एकही प्रमुख पक्ष युंकर यांच्या पक्षाशी संलग्न नव्हता. तेथील मतदारास त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देण्याचा मार्गच नव्हता म्हणावयाचा. २०१९ मध्ये तर प्रघातच मोडला. उमेदवार म्हणून पुढे न आलेल्या कोणाही व्यक्तीस आपण नाकारू, असे संसदेने फेब्रुवारी २०१८ मध्ये बजावले होते. शासनप्रमुखांनी जनपक्षाचे उमेदवार मानफ्रेड वेबर यांस बाजूस सारून उर्सुला फॉन डेर लायेन यांचे नाव सुचविले, आणि संसदेने त्यांस ३८३ मतांनी, म्हणजे आवश्यक बहुमताहून केवळ नऊ मते अधिक देऊन, निवडले. २०२४ मध्ये त्या पक्षाच्या घोषित उमेदवार होत्या आणि ४०१ मतांनी पुन्हा निवडून आल्या. तरीही त्या स्वतः संसदेच्या कोणत्याही यादीत नव्हत्या.

गटांच्या बाबतीतही तेच. जून २०२४ मधील मतदानानंतर, जुलैच्या आरंभी, ‘पेट्रिअट्स फॉर युरोप’ या नावाचा नवा गट स्थापन झाला आणि ८४ सभासदांसह तो संसदेतील तिसरा मोठा गट ठरला. मतदान झाले त्या दिवशी तो अस्तित्वातच नव्हता. हंगेरीतील सत्तारूढ पक्षाचे सभासद २०१९ मध्ये जनपक्षाच्या गटात होते, मार्च २०२१ मध्ये ते त्यातून बाहेर पडले, आणि २०२४ मध्ये या नव्या गटात आले. सभागृहात सभासदाचे वर्तन ठरविणारा घटक गट हाच असेल, आणि मतदारास तो निवडणुकीपूर्वी ठाऊक नसेल, तर मतदाराच्या हाती उत्तरदायित्व मागण्याचे साधन उरत नाही. चांगले काम करणाऱ्या गटास तो पुन्हा निवडू शकत नाही, वाईट काम करणाऱ्यास पाडू शकत नाही. दर पाच वर्षांनी होणारी ही निवडणूक प्रतिनिधी पाठविते. सत्तेचा हिशेब मात्र घेत नाही.

७

‘युरोपीय जनता नाही, म्हणून युरोपीय लोकशाही नाही’ हा डीटर ग्रिम यांनी १९९५ साली मांडलेल्या विचाराचा प्रचलित सारांश आहे. समान भाषा, समान वृत्तपत्रे, समान पक्ष यांच्या अभावी लोकमत घडत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. त्यास उत्तर देताना युर्गेन हाबरमास यांनी असे प्रतिपादले की, असे लोकमत हे संस्थांच्या अगोदर तयार असावे लागत नाही. संस्था आणि राजकीय व्यवहार यांच्यातूनही ते घडू शकते. या वादात संसदेच्या सभागृहाची साक्ष हाबरमास यांच्या बाजूने आहे. जेथे समान नियम होते तेथे सात दशकांत राष्ट्रभेद मागे पडून पक्षभेद पुढे आला. जेथे समान नियम निर्माण केले गेले नाहीत, त्या निवडणुकीच्या क्षेत्रात मात्र राष्ट्रभेद जसाच्या तसा राहिला. एकाच संस्थेच्या दोन अंगांत दिसणारा हा फरक लोकस्वभावाने समजावून देता येत नाही. तो नियमांचाच परिणाम मानावा लागतो.

मग सुधारणा का होत नाही? संसदेने ३ मे २०२२ रोजी स्वतःच एक प्रस्ताव संमत केला. संपूर्ण संघाचा एकच मतदारसंघ कल्पून त्यातून २८ सभासद बहुराष्ट्रीय यादीने निवडावे, प्रत्येक मतदारास राष्ट्रीय यादीसाठी एक व संघाच्या यादीसाठी एक अशी दोन मते असावी, मताधिकार सोळाव्या वर्षी मिळावा आणि मतदान सर्वत्र ९ मे रोजी व्हावे, असा त्याचा आशय होता. परंतु निवडणुकीचा कायदा बदलण्यास मंत्रिपरिषदेचे एकमत व त्यानंतर प्रत्येक राष्ट्राची त्याच्या घटनेनुसार मान्यता लागते. २०१८ मध्ये मंत्रिपरिषदेने मान्य केलेली त्याहून कितीतरी सौम्य दुरुस्तीसुद्धा २०२४ च्या निवडणुकीपर्यंत सर्वांची मान्यता न मिळाल्याने अंमलात आली नव्हती. संसदेच्या निवडणुकीची किल्ली अशा रीतीने सरकारांच्या हाती आहे, आणि सरकारांस आपल्याशी स्पर्धा करणारी स्वतंत्र लोकमान्यता निर्माण करण्याची घाई असण्याचे कारण नाही.

बहुराष्ट्रीय यादीस लहान राष्ट्रांचा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. समग्र संघाच्या यादीत मोठ्या राष्ट्रांतील ख्यातनाम उमेदवारच वरच्या क्रमांकावर येतील, हे भय सकारण आहे. प्रस्तावात उमेदवारांच्या क्रमाविषयी जी बंधने सुचविली होती ती याच भयापोटी. शिवाय २८ जागांनी सारा प्रश्न सुटेल असेही नाही. परंतु दुसरे मत हाती पडताच मतदारास एक नवा प्रश्न विचारला जातो, आणि प्रस्तावाचे खरे मूल्य तेथे आहे. तो मार्ग आज बंद असला तरी काही गोष्टी राष्ट्रांस आपल्यापुरत्या करता येण्याजोग्या आहेत. मतपत्रिकेवर राष्ट्रीय पक्षाच्या नावाशेजारी तो ज्या युरोपीय पक्षाशी संलग्न आहे त्याचे नाव छापणे, आणि निवडून आल्यावर कोणत्या गटात बसणार हे प्रत्येक पक्षाने मतदानापूर्वी जाहीर करणे, यांस कोणत्याही कराराची दुरुस्ती लागत नाही. या सुधारणा लहान आहेत. पण मत आणि सत्ता यांमधील दुव्यास नेमका स्पर्श करणाऱ्या आहेत.

मिलचा सिद्धान्त या संसदेने अर्धा खोटा ठरविला आहे. भिन्न भाषांचे व भिन्न राष्ट्रांचे प्रतिनिधी एका सभागृहात बसून, विचारांच्या भेदानुसार वाद करून, सर्वांस बांधणारे कायदे करू शकतात, हे तिने दाखवून दिले. भिन्न भाषांचे मतदारही एका प्रश्नाचा निर्णय एकत्र करू शकतात किंवा नाही, याची परीक्षा अद्याप झालेली नाही, कारण तो प्रश्न त्यांस एकत्रितपणे कधी विचारलाच गेला नाही. तो विचारला जाईपर्यंत युरोपीय जनतेच्या अभावाविषयी दिलेला कोणताही निवाडा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला राहील.